मदत हवी आहे: पद्मिनीचा फ्लोअर उघडा आहे, ऊन आणि आवाज कमी करायला आतून काय लावावं?

नमस्कार मंडळी,

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1986 चं मॉडेल, पेट्रोल, रंग गडद निळा. मुक्काम अकोला. उन्हाळ्यात इथे पारा 44-45 ला टेकतो आणि हा रंग, त्यामुळे पुढचं तुम्ही समजून घ्या. घरचीच गाडी आहे, वडिलांनी घेतलेली. इंजिन आणि वायरिंगचं काम झालंय. पत्र्याच्या कामासाठी सीटा बाहेर काढल्या तेव्हा मॅटखालचं जुनं फेल्टही काढून टाकलं, कुजलंच होतं. आत्ता फ्लोअर उघडा आहे. एकदा मॅट बसलं की पुन्हा कोणी उघडत नाही, म्हणून आत्ताच विचारतोय.

त्रास दोन आहेत. एक म्हणजे उष्णता. क्लचच्या पायाला टनेलच्या (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याच्या) बाजूने अक्षरशः चटका बसतो आणि दुपारी छताच्या अस्तराजवळ हात नेला तरी झळ लागते. दुसरा आवाज. 50 पर्यंत गाडी गोड चालते. त्यापुढे मात्र सगळा पत्रा घुमायला लागतो. अमरावती रोडवर (2022 साली विक्रमी वेगात डांबरीकरण झालं तोच) त्यातल्या त्यात ठीक. सिमेंटच्या रस्त्याला लागलो की मागच्या सीटवरच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं.

अॅक्सेसरीच्या दुकानात विचारलं तर फ्लोअर, चारही दरवाजे, छप्पर, डिकी सगळीकडे फॉइलवाली ब्युटाइल (चिकट रबराची) शीट, तीही डबल, असा सल्ला मिळाला. 'मग एसीची गरजच पडणार नाही' हे वर. मी हिशोब करून पाहिला. 2 मिमीची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. दहा चौरस मीटर डबल लावली तर साठ किलो. म्हणजे गाडीत एक माणूस कायमचा बसवल्यासारखं. 1089 सीसीचं चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, त्याच्यावर हा भार कशाला?

सीटकव्हरवाला म्हणतो गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी मार, काम तेच, पैसे निम्म्याहून कमी.

माझे प्रश्न:
डबल थर खरंच लागतो का? त्या शीटने उष्णता थांबते का, की फक्त आवाज? शीटखाली पत्रा गंजला तर कळणार कसं? आणि छताचं अस्तर काढायचं धाडस करावं का? ते अजून मूळचं आहे, कुठे फाटलेलं नाही.

दोन अटी आहेत. नवीन भोक पाडायचं नाही, मूळचं काही कापायचं नाही. काचांना फिल्म लावायची नाही, चौकाचौकात पोलिसांशी हुज्जत नको.

प्रतिसाद १

साठ किलोचा हिशोब केलात ते बरं केलंत. डबलचा सल्ला विसरा.

ब्युटाइल शीटचं काम एकच, पत्र्याची थरथर मारणं. पत्रा थरथरतो, चिकट रबर ताणलं जातं आणि ती ऊर्जा तिथेच जिरते. त्यासाठी पूर्ण पत्रा झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, एकूण क्षेत्राचा तिसरा हिस्सा पुरतो. बोटाने टिचकी मारून बघा. 'ढण्ण' वाजलं तर तिथे तुकडा लावा, 'ठक' वाजलं तर सोडून द्या. घड्या आणि उठाव असलेला पत्रा मुळातच ताठ असतो, तिथे शीट म्हणजे पैसे वाया.

उष्णतेला ती जवळपास निरुपयोगी. वरचं चकचकीत फॉइल बघून लोक फसतात. फॉइल उष्णता परतवतं खरं, पण त्याच्यासमोर हवेची फट असेल तरच. वर मॅट दाबून बसवलं की चमक संपली. उष्णतेसाठी फोम लागतो, तोही बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा. एक्सएलपीई (पॉलिथिनचा फोम) किंवा नाइट्राइल रबर, 6 ते 10 मिमी. एसीच्या पाइपवर काळं नळकांडं असतं ना, तेच नाइट्राइल रबर शीटमध्येही मिळतं. स्पंज किंवा ताग अजिबात नको. तुमचं जुनं फेल्ट का कुजलं, ते आठवा.

डांबरी पट्टी अकोल्यात? मे महिन्यात वितळून बुटाला लागेल आणि वास वर्षभर जाणार नाही.

प्रतिसाद २

काय राव, कुर्ल्यातून निघाल्या तेव्हापासून या गाड्या अशाच वाजत आल्यात. पुढची तिकोनी काच उलटी फिरवा, वारा थेट छातीवर येतो, पाण्याची बाटली सोबत ठेवा. पद्मिनीची होंडा सिटी होत नसते.

(टायर किती जुने आहेत ते सांगितलं नाहीत. रबर कडक झालं असेल तर सिमेंटवरचा निम्मा आरडाओरडा तिथलाच.)

प्रतिसाद ३

वरच्या दोघांचंही बरोबर, पण काहीही चिकटवायच्या आधी भोकं शोधा. आवाजाचा स्वभाव पाण्यासारखा, भिंत कितीही जाड केली तरी फटीतून येतोच. रात्री बोनेट उघडून आत लख्ख टॉर्च लावा, मग गाडीत अंधारात बसून डॅशबोर्डखाली बघा. जिथे उजेड दिसेल तिथून इंजिनचा आवाज, गरम हवा आणि धूर तिघेही आत येतात. वायरिंग, अॅक्सिलरेटर, स्पीडोमीटरची केबल, स्टिअरिंग कॉलम, यांची ग्रोमेट्स (पत्र्यातल्या भोकात बसणारी रबरी कडी) इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला मापाची मिळून जातात.

दरवाज्याच्या बीडिंगला (कडेच्या रबरी पट्टीला) कागदाची परीक्षा. कागद चिमटीत धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटला तर तिथलं बीडिंग मेलंय.

क्लचच्या पायाचा चटका हा वेगळा विषय आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नका. सायलेन्सरच्या पाइपचा जॉइंट फुंकतोय का बघा. गाडी थंड असताना चालू करा, मागे कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने नळी क्षणभर दाबायला सांगा आणि खाली कान द्या. फुसफुस ऐकू आली तर आधी ते दुरुस्त करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तुमच्या फ्लोअरचं काम नुकतंच झालंय, राहिलेल्या फटीही बघून घ्या. जॉइंट ठीक असेल तर पाइप आणि फ्लोअरच्या मध्ये पत्र्याची ढाल बसवा, दोन्हीकडे बोटभर हवा सोडून. आतून इंचभर फोम लावण्यापेक्षा ती जास्त कामाची. पाइपच्याच ब्रॅकेटवर क्लॅम्पने बसते, भोक पाडावं लागत नाही.

धागाकर्ता

आभार! टॉर्चची युक्ती लगेच केली. डॅशबोर्डखाली चांदणं पडलं होतं! सर्वांत मोठी फट स्टिअरिंग कॉलमपाशी, तिथलं रबर नावालाच शिल्लक आहे. कागद मागच्या दोन्ही दारांत सहज सुटतो. जॉइंटमधून बारीक फुसफुस आहे, ते काम मेकॅनिककडे दिलं. टायरवर भेगा आहेत, तेही बदलायचेच होते.

गंज आणि छताबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद ३

गंजाचं: शीट गंज लपवते, थांबवत नाही. पत्रा उघडा आहे तोवर गंज घासून काढा, वर इपॉक्सी प्रायमर मारा. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका, त्यातून ओल झिरपते. मग पुढच्या काचेच्या रबरावर नळीने पाणी सोडा आणि आत हात फिरवून बघा. फ्लोअरला पाणी बहुतेक वरूनच येतं. फ्लोअरच्या रबरी बुचांवर काही चिकटवू नका आणि फोम फ्लोअरला ग्लूने डकवू नका, कापून नुसता अंथरा. पावसाळ्यानंतर एकदा उचलून बघता येतो.

दरवाज्यात पाणी येणारच, ते खालच्या भोकांतून जायला हवं. बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध ब्युटाइलचे दोन-तीन तुकडे, बस. खालची पट्टी मोकळी. दार लावताना आवाज बदलला की समजा जमलं.

प्रतिसाद १

छताचं माझ्याकडून. मूळचं अस्तर धड असेल तर हात लावू नका. इतक्या वर्षांचं रेक्झिन काढताना फाटतं आणि परत सुरकुती न पडता ताणणारा कारागीर हल्ली सहज मिळत नाही. पुढे कधी फाटलंच, तर तेव्हा 6 मिमी नाइट्राइल लावा, जास्त उष्णता सोसणाऱ्या ग्लूने. साधं सोल्युशन उन्हात सुटतं आणि सगळा फोम अस्तरावर लोंबतो. तोवर दुपारी पार्किंगमध्ये पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा आणि गाडीवर पांढरं कापडी कव्हर.

मागवायचं असेल तर दीड-दोन चौरस मीटर ब्युटाइल आणि फ्लोअर, टनेल आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) मोजून तेवढाच फोम घ्या. आधी ग्रोमेट्स, बीडिंग आणि टायर होऊ द्या, एक चक्कर मारा. त्यानंतर कदाचित यातलंही थोडं उरेल.