स्कोअर ३ म्हणजे सगळं संपलं असं नाही

एकाने विचारलंय, मेंदूत रक्तस्राव झालेल्या काकांचा आयसीएच स्कोअर (अशा रक्तस्रावाची गंभीरता सांगणारे गुण) ३ आलाय, मालवणहून बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं की राहू द्यावं? डॉक्टर हलवण्याजोगे म्हणत असतील तर न्याच. २००१ सालचा हा स्कोअर पाचच गोष्टी बघतो: जीसीएस (रुग्ण किती शुद्धीत आहे त्याचे गुण), रक्त ३० मिलि किंवा जास्त, ते मेंदूतल्या पोकळ्यांत उतरलंय का, स्राव मेंदूच्या खालच्या भागात आहे का, आणि वय ८० वा पुढे. मूळ अभ्यासात ३ गुणांचे ७२ टक्के रुग्ण महिन्याभरात गेले; बाकीचे वाचलेच ना! त्यात घरच्यांनी आशा सोडून उपचार थांबवले की आकडा आपोआप खरा ठरतो. माणूस पुढे स्वतःचं स्वतः करेल का, त्याला फंक स्कोअर वेगळा. निदान पहिले दोन दिवस उपचारांत हात आखडू नका.