गुडवुड रिव्हायव्हलला शेरवानी चालंल का?

परभणीकर: पोरगा लंडनला हाय, तिकडं इंग्लंडात गुडवुडला जुन्या गाड्यांच्या रेसचा मेळा भरतो, त्याची सप्टेंबरची तिकिटं काढलीत त्यानं. म्हणतो बाबा जीन्स नको, १९४८ ते ६६ च्या काळातले कपडे घाला. वडलांची शेरवानी पेटीत हाय पण डांबरगोळ्याचा वास मारायलीय.

गॅरेजवाला: बिनधास्त घाला! तिथला रेसचा ट्रॅक १८ सप्टेंबर १९४८ ला चालू झाला, म्हंजी आपल्या मराठवाडा मुक्तिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी. बूट मात्र मऊ घ्या, लई चालावं लागतंय.

जुनी_जावा: मी गेलतो. जुन्या रेसगाड्यांत एरंडेलाचं ऑइल टाकतेत काहीजण, जळका गोडसर वास येतो बगा, आजी पाजायची तेच एरंडेल की हो! अन कोट्यवधीच्या गाड्या एकमेकांना घासत पळवतेत, आपलाच जीव खालीवर.

परभणीकर: बरं, दशम्या नेऊ देतेत का आत?