मदत हवी आहे: 'द व्हील ऑफ टाइम' कितव्या पुस्तकापासून वाचू?
नमस्कार मंडळी,

मे २०२५ मध्ये या कादंबऱ्यांवरची टीव्ही मालिका तीन सीझनवरच बंद झाली आणि तेव्हापासून जिवाला चुटपुट लागली आहे. तिसऱ्या सीझनचा चौथा भाग मी तीनदा पाहिला. कथेचा नायक रँड रुइडीन नावाच्या शहरात काचेच्या खांबांमधून चालतो आणि पावलागणिक आपल्याच पूर्वजांच्या डोळ्यांनी मागचा काळ बघतो. अंगावर काटा आला होता.

पुढचं आता वाचूनच कळणार. पण मुख्य पुस्तकं १४! मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले, शेवटची तीन ब्रँडन सँडरसनने पूर्ण केली. रुइडीन चौथ्या पुस्तकात येतं, म्हणून मी थेट पाचवं उघडणार होते. पण जुने वाचक मालिकेवर फार चिडलेत. रँडचा मित्र पेरिन, त्याला आधीच बायको दाखवली आणि पहिल्याच भागात ती त्याच्याच कुऱ्हाडीने मरते. पुस्तकात सुरुवातीला त्याचं लग्नच झालेलं नाही म्हणे. मला तो प्रसंग मनापासून पटला होता, त्यामुळे त्यांचा राग वाचून वाईट वाटलं. आता मूळचा पेरिन बघायचाय.

मालिका पाहून पुस्तकंही वाचलेल्यांनी सांगा ना, पहिल्यापासूनच सुरू करू का? आणि मधली जी पुस्तकं संथ म्हणतात, ती नेमकी कुठली? पुढची गोष्ट मात्र फोडू नका, प्लीज.