काळ्या घोड्यापाशी किती फूट?

ऑगस्ट संपत आला की 2024 चा पूर आठवतो, आणि पूर म्हटला की आपल्या बडोद्याचा काळाघोडा ब्रिज. पावागडाहून येणारी विश्वामित्री कमाटीबागेतून इथे येते आणि तिचं पाणी आपण मोजतो ते याच पुलाशी. 26 फूट म्हणजे धोका. बाकीचं गुजरात पावसाची चौकशी इंचांत करतं, आपण फुटांत! तर या पुलाच्या तुमच्या आठवणी लिहा. पूर, मगर, कॉलेज, काहीही चालेल.

दांडिया बाजार (माहेर)
1983 ला कॉलेजात होते. आर्ट्सच्या घुमटापर्यंत सायकल. पुलावर रोज उतरायचो, कारण मैत्रिणीला मगर बघायची असायची. चिखलात ओंडका पडलेला. तोंड उघडलं तर मगर, नाही तर ओंडकाच. तीन वर्षांत दोनदा उघडलं. त्यापायी पहिला तास किती वेळा बुडाला, ते बाबांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

रावपुरा
पुलाजवळचा घोड्यावरचा पुतळा 1907 चा. सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचा, इंग्रज शिल्पकार डरवेंट वुडने केलेला. मालेगावचे मामा आले, तेव्हा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ऐटीत म्हणाले, "सयाजीराव महाराजांचा पुतळा." तो बघतच राहिला. मी म्हटलं, काळा घोडा. "तो एम कहो ने, काका!" मामा जे फुरंगटले! त्यांच्याकडच्या कवळाण्याचा पोर इथे दत्तक येऊन राजा झाला, आणि लोकांच्या तोंडी नाव कुणाचं, तर घोड्याचं.

फतेहगंज
2024. जन्माष्टमी उलटली, पाऊसही थांबला, तरी पाणी चढतच होतं. नवखे इथेच फसतात. आजवा धरणाचं आणि वरच्या अंगाचं पाणी मागाहून येतं. 35 फूट पार झाले, ब्रिज बंद. सासूबाई पलीकडे हॉस्पिटलात, भावजी त्यांच्यापाशी, मी इकडे. मऊ खिचडीचा डबा भरून दाराशी ठेवलेला, तो तसाच. फोनवर मी विचारायची, "आईंना कसंय?" आणि ते उलट मलाच, "किती फूट?" दुसऱ्या रात्री मोबाइलची बॅटरीही संपली. शेजारच्यांच्या गाडीत बसून चार्ज केला, तर पहिला फोन सासूबाईंचाच. म्हणाल्या, येशील तेव्हा खिचडीच आण, फक्त या वेळी मीठ बघून घाल.

समा
2019 विसरलात वाटतं! 31 जुलैला एका दिवसात जवळपास 20 इंच पडला होता. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर, आणि वॉचमन खुर्चीवर उभा राहून शिट्टी वाजवतोय. मगरीला शिट्टी!

पुलाजवळच, तळमजला
पाण्यापेक्षा नंतरचा चिखल वाईट. 2024 ला पाणी उतरलं आणि आठवड्यावर गणपती. मखराचा खोका खालच्या कपाटात होता, त्याचा लगदा झाला. आजीची पितळी समई तेवढी हाती लागली. चिंच लावून घासली, दांडा उलटा करून नळाखाली धरला; पहिल्यांदा काळं पाणी, मग करडं, मग बारीक रेती. आरतीची वेळ झाली तरी रेती येतच होती. शेवटी तशीच लावली. यंदाही वात मध्येच चरचरली, तेव्हा मुलगा म्हणाला, "विश्वामित्री बोलली."