मदत हवी आहे: नगरपंचायतीच्या विकास आराखड्यात ओपन स्पेस माणशी किती धरायची?

घाटाखालचा
सोमवारी सभा आहे. प्रारूप आराखड्यात मोकळ्या हिरव्या जागेचं मानक टाकायचं आहे. सल्लागारानं माणशी ९ चौ.मी. लिहिलं, साहेब म्हणतात १० टक्के, एक सदस्य म्हणतात गावाला जंगल लागून आहे, बगीचा कशाला. एकच आकडा सांगा, अन् तो कुठला तेही. लेक्चर नको.

नकाशावाला
लोकसंख्या किती? गावठाणाचं क्षेत्र? लेआऊट किती, त्यातले गुंठेवारीचे (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले) किती? नगररचना कायद्याच्या कलम २६ ची (प्रारूप आराखड्यावर हरकती मागवायची) नोटीस निघाली का? याच्याशिवाय कोणताही आकडा म्हणजे अंदाजपंचे.

हिरवाई_यवतमाळ
मियावाकी करा. चौरस मीटरला तीन-चार रोपं, छोट्या जागेत भरगच्च जंगल. आकड्यांत काय ठेवलंय?

घाटाखालचा
लोकसंख्या १४ हजार, वीस वर्षांसाठी २० हजार धरली. जिल्हा यवतमाळ. २६ अजून व्हायची आहे. ओपन स्पेस भरपूर आहेत, प्रत्येक लेआऊटमध्ये बोर्ड लावलेला आहे.

नकाशावाला
मग ऐका. ९ चा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर खपतो, पण मूळ कागद कोणी दाखवत नाही. सभेत कोणी विचारलं तर अडकाल. त्यांच्या युरोप विभागाच्या २०१७ च्या पुस्तिकेत आहे ते असं: घरापासून ३०० मीटरच्या आत ०.५ ते १ हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा. केंद्राच्या २०१४ च्या यूआरडीपीएफआय (शहरांच्या विकास आराखड्यांसाठीच्या) मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौ.मी. आहे.

१० टक्के हे निराळंच प्रकरण. ती राज्याच्या एकत्रिकृत नियमावलीतली (यूडीसीपीआर, डिसेंबर २०२०) लेआऊटची अट आहे, ०.४ हेक्टर किंवा जास्त जमिनीला लागू. नगरपंचायतीनं ठराव करून तो टक्का बदलत नाही.

दोन्हीचा मेळ असा घाला. हेक्टरी १०० माणसं राहत असतील तर १० टक्के म्हणजे माणशी १० चौ.मी. हेक्टरी १५० झाली की ६.७. गावठाणात दाटी ३०० ची असेल अन् ओपन स्पेस शून्य. सरासरी छान दिसते, पण गावठाणातलं पोर रस्त्यावरच खेळते.

ओव्हरसियर४४
नकाशावाले भाऊ, हिशेब बरोबर, पण लेआऊटची ओपन स्पेस सार्वजनिक म्हणून धरून राहिले तुम्ही? ती त्या लेआऊटच्या रहिवाशांच्या सामाईक वापराची. विकास आराखड्यातलं बगीच्याचं आरक्षण वेगळं. तक्त्यात दोन रकाने करा, एकत्र बेरीज करू नका.

नकाशावाला
मान्य. पण छोट्या गावात कुंपण नसते, सगळेच वापरतात. वापरात असेल तर तिसरा रकाना करा.

ओव्हरसियर४४
आज कुंपण नाही, उद्या होते न बाप्पा.

घाटाखालचे भाऊ, बोर्ड पाहून मोजू नका. टेप घेऊन जा. पाण्याची टाकी, समाजमंदिर, अंगणवाडी उभी असेल तेवढं वजा करा. नियमावलीत ओपन स्पेसच्या १५ टक्क्यांपर्यंतच बांधकाम चालते, त्यातलं तळमजल्यावर १० टक्क्यांच्या आत. नाल्याकाठची तिरपी पट्टी अन् तारांखालचा पट्टा नकाशात हिरवा दिसतो, तिथं बाक ठेवता येत नाही. अन् ३९ आरचे (एक आर म्हणजे १०० चौ.मी.) तुकडे शोधा. ०.४ हेक्टर म्हणजे ४० आर, अन् पूर्ण एकर ४०.४७ आर, म्हणून लोक चाळीसच्या खालीच कापतात अन् १० टक्क्यांतून सुटतात. तीन-चार तुकडे एकाच जुन्या सातबाऱ्यातून निघाले असले की फेरफारात दिसते.

पांदणरस्ता
ओपन स्पेस सातबाऱ्यावर अजून लेआऊट मालकाच्याच नावावर असते, ते आधी पाहा. तलाठ्याकडं अर्ज, मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत, अकृषक आदेश, तीन झेरॉक्स…

घाटाखालचा
सातबारा कोणी विचारला? गावठाणाचं काय करू ते सांगा. खासगी जागेवर आरक्षण टाकलं तर पैसा कुठून?

नकाशावाला
पैसा नसेल तर खासगी जागेवर टाकूच नका. एमआरटीपीचं (त्याच नगररचना कायद्याचं) कलम १२७: आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन नाही झालं तर मालक नोटीस देतो, त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मग तुमचं मानक कागदावरच. आधी नझूल (वस्तीतली सरकारी) अन् ई-क्लास (गावाच्या वापराची सरकारी पडीक) जमिनीची यादी काढा, गावठाणाच्या कडेला काही ना काही सापडतेच. ई-क्लास चराईची असेल तर गुरांची वाट बंद होणार नाही हे आराखड्यातच लिहा, नाहीतर पहिली हरकत तिथूनच येईल.

जंगल लागून आहे म्हणणाऱ्या सदस्यांना सांगा, ते झुडपी जंगल (महसूल नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन) असेल तर हिशेबात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात ते वन मानलं आहे. तिथं झोपाळा, घसरगुंडी, फूटपाथ काहीच परस्पर जमत नाही.

हिरवाई_यवतमाळ
म्हणून तर मियावाकी म्हणून राहिलो! पाव एकरातही होते.

ओव्हरसियर४४
पाव एकरात दाट झाडी लावली तर क्रिकेट कुठं खेळतील? त्यापेक्षा कडेनं कडुनिंब-करंज ८ ते १० मीटरवर, मध्ये मुरमाचं मैदान. लॉन तर मुळीच नको. मे महिन्यात आपल्याकडं लॉनला चौ.मी.ला रोज निदान ६ लिटर पाणी लागते. एक हजार चौ.मी.ला ६ हजार लिटर, म्हणजे पाच हजारी टँकर भरून वर आणखी, रोज. पहिल्या उन्हाळ्यातच जळते. पेव्हर ब्लॉक काळ्या मातीवर थेट टाकू नका, भेगा पडल्या की डिसेंबरातच वरखाली होतात. दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम थराथरानं पाणी मारून दाबा.

घाटाखालचा
ठीक. मग मानक म्हणून लिहू काय?

नकाशावाला
तीन ओळी लिहा. एक, नवीन वस्तीत माणशी १० चौ.मी., त्यात फक्त लोकांना उघड्या असलेल्या अन् वापरण्याजोग्या जागा. दोन, गावठाण अन् गुंठेवारीतल्या प्रत्येक घरापासून रस्त्यानं ५०० मीटरच्या आत किमान अर्ध्या एकराची एक जागा. हा माझा आकडा आहे, कुठला नियम नाही, ठरावात तसंच लिहा. नकाशावर कंपासनं वर्तुळ काढू नका, मधात नाला किंवा राज्यमार्ग आला की दोनशे मीटरचे आठशे होतात. गेटपासून गेटपर्यंत रस्त्यानंच मोजा. तीन, ५००० लोकवस्तीला अर्ध्या हेक्टरची एक बाग, म्हणजे तुमच्याकडं चार. वीस हजारांना १० च्या हिशेबानं सगळी मिळून २० हेक्टर लागते, म्हणजे जवळपास ४९ एकर. हा आकडा सभेत आधी सांगा, मागाहून आरडाओरड नको.

पांदणरस्ता
पण ओपन स्पेसवर समाजमंदिर बांधायला हरकत काय? लोकांचीच सोय आहे न.

ओव्हरसियर४४
बंगलोर मेडिकल ट्रस्टचा खटला, १९९१. सर्वोच्च न्यायालयानं बागेच्या जागेवर खासगी इस्पितळ होऊ दिलं नाही. तिथं इस्पितळ चाललं नाही, इथं १५ टक्क्यांच्या वरचं समाजमंदिर कसं चालेल भाऊ?

घाटाखालचा
आज अकरा जागा मोजल्या. टेपनं मोजल्यावर अर्ध्या एकराच्या वर फक्त चार भरल्या, त्यातल्या एकीवर गिट्टीचा ढीग आहे. अन् नाल्याच्या पल्याडच्या दोन वस्त्यांना एकही नाही. पल्याडच्या बाजूला नझूल शीट कोणती लागते?