नोकरांवरचा कर : जुन्या याद्या वाचायच्या कशा?

पानं_चाळणारा :
स्कॉटलंडच्या अठराव्या शतकातल्या करयाद्या ऑनलाइन वाचतोय. पुरुष नोकरांवरच्या कराच्या याद्या १७७७ ते १७९८, मोलकरणींवरच्या १७८५ ते १७९२. दुसऱ्या प्रकारात मालकाच्या नावापुढे कधी मुलांचा आकडा असतो, कधी 'अविवाहित' असा शेरा. नोकरांच्या यादीत याचं काय काम? आणि जिथे मोलकरणी कमी, ते घर बेताचं समजायचं का? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_करवाला :
असं अजिबात समजू नका. माझी सगळी नोकरी करखात्यात गेली, त्यामुळे अशी यादी हातात आली की मी आधी सवलतींचं कलम शोधतो. मोलकरीण एक असेल तर वर्षाला अडीच शिलिंग, दोन असतील तर प्रत्येकी पाच, तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येकी दहा. चौदा वर्षांखालच्या दर दोन मुलांमागे एका मोलकरणीचा कर माफ. लग्न न केलेल्या मालकाला मात्र दुप्पट! म्हणून ते आकडे आणि ते शेरे. घरात मुलं किती, हे सांगायला मालक एरवी कशाला आला असता? इथे पैसे वाचत होते. माफी मिळाली की कर लागणाऱ्या मोलकरणींचा आकडा घटायचा, घराची ऐपत नाही.

पुरुषांचं प्रकरण याहून मजेदार आहे. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवायला तेव्हाचा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ याने १७७७ मध्ये नोकरामागे वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, बसवली. बटलर, फूटमन (दाराशी आणि जेवणाच्या टेबलाशी उभा राहणारा गणवेशातला नोकर), गाडीवान, मोतद्दार, माळी, शिकारराखे सगळे त्यात आले. शेतीवर किंवा मालकाच्या पोटापाण्याच्या धंद्यात राबणारा गडी मात्र सुटला. झालं, वाद सुरू. सकाळी नांगर धरणारा आणि संध्याकाळी मालकाचा घोडा खरारणारा गडी कुठल्या रकान्यात घालायचा? अपिलं कराच्या कमिशनरांकडे जायची, तिथे गाठ सुटली नाही तर न्यायाधीशांकडे. नोकर दिवसभर नेमकं काय करायचा, हे वाचायचं असेल तर यादी बाजूला ठेवा आणि हे निकाल काढा. यादीतला 'माळी' हा शब्द मालकाच्या सोयीचा असू शकतो.

उंबरठा :
मोलकरणींवरचा कर इतक्या लवकर का गेला?

निवृत्त_करवाला :
पहिल्यापासून बदनाम होता. गरीब पोरींची कामं जातील, त्या वाईट मार्गाला लागतील, अशी ओरड होती. हा कर आणणारा पंतप्रधान पिट, त्याची टिंगल करणारी चित्रंही निघाली. १७९२ मध्ये रद्द झाला. पुरुषांवरचा कर मात्र रूपं बदलत १९३७ पर्यंत टिकला. त्यामुळे १७९३ ची यादी उघडली तर वाटेल, बायका घरातून निघूनच गेल्या. चुली त्याच पेटवत होत्या हो, फक्त सरकारला त्यांच्यामागे मालकाकडून काही मिळत नव्हतं.

पानं_चाळणारा :
म्हणजे १७९२ नंतर त्यांची नावं शोधायचा मार्गच बंद?

निवृत्त_करवाला :
अगदी बंद नाही. १७९५ मध्ये केसांना पावडर लावण्यावर माणशी एक गिनीचा परवाना आला. श्रीमंतांच्या घरी नोकरांनाही पावडर लावावी लागे आणि परवान्याचे पैसे मालक भरत. परवानेधारकांच्या नोंदींत त्यामुळे घरच्यांबरोबर नोकरांचीही नावं मिळतात. इंग्लंडमधल्या काही काउंट्यांच्या दप्तरांत त्या शिल्लक आहेत. पण तिथेही भेटेल तो बहुधा फूटमनच. भांडी घासणाऱ्या पोरीच्या डोक्याला पावडर कोण लावणार?