टेलीफोटोचा पांढरा रंग: उन्हासाठी की मिरवायला?

आडवाफ्रेम

मोठ्या सामन्याचं प्रक्षेपण बघताना सीमारेषेपलीकडे पांढऱ्या टेलीफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सची रांग दिसतेच. पांढऱ्या का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: आत फ्लुओराइट (रंगांची फाटाफूट कमी करणारं स्फटिकाचं भिंग) असतं, ते उष्णतेने प्रसरण पावतं, म्हणून ऊन परतवणारा रंग. हे उत्तर १९७०च्या दशकात, कॅननच्या लांब लेन्स पांढऱ्या होऊ लागल्या तेव्हा, पटण्यासारखं होतं. आज त्यातलं निम्मंच उरलंय, बाकीचं मिरवणं आहे असं माझं स्पष्ट मत.

कारणं सांगतो. (ईएफ आणि आरएफ या कॅननच्या जुन्या-नव्या लेन्स-मालिका, एल ही लाल कड्याची वरची श्रेणी; मिमी म्हणजे फोकल लांबी, एफ/ म्हणजे छिद्राचा आकडा.) कॅननच्या ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एलमध्ये फ्लुओराइट नाही, तरी ती पांढरी. ईएफ ७०-३०० एल पांढरी, तिच्यातही नाही. आरएफ १००-५०० मध्येही नाही. उलट निकॉनने ८०० मिमी एफ/५.६, मग ४०० एफ/२.८, ५०० आणि ६०० एफ/४ अशा एकामागून एक लेन्समध्ये फ्लुओराइट घातलं आणि सगळ्या काळ्याच ठेवल्या. फ्लुओराइटला ऊन इतकं जड जात असेल तर निकॉनवाल्यांनी उन्हाळ्यात घरीच बसायला हवं होतं.

कळस म्हणजे आरएफ ७०-२०० एफ/२.८ झेड. २०२४ मध्ये ही लेन्स खुद्द कॅननने काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही रंगांत काढली. काच तीच, यंत्रणा तीच. मग रंग ही गरज कुठे राहिली?

सीमारेषा

तुम्ही सावलीत बसून लिहिताय, हे कळतंय :)

दुपारभर उघड्या मैदानात मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) लावलेल्या काळ्या लेन्सला हात लावून बघा. मॅग्नेशियमचा तो भाग चटका देतो. पांढरी त्याच उन्हात कोमट असते. आतल्या काचेचं काय व्हायचं ते होवो, दिवसभर ती लेन्स धरायची असते मला. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

गणिती गोगलगाय

दोघेही मुद्द्याच्या कडेकडेने चाललाय, म्हणून थोडे आकडे.

निरभ्र दुपारी ऊन दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट. ६०० एफ/४ आडवी धरली तर उन्हासमोर येणारं तिचं क्षेत्रफळ ढोबळ मानाने ०.०६ चौरस मीटर धरू. म्हणजे साठेक वॅट. काळा पृष्ठभाग त्यातले पन्नासच्या वर गिळतो, फिकट रंग वीसच्या आसपास. हा फरक किरकोळ नाही.

आता प्रसरण. साध्या ऑप्टिकल काचेचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षात ७ च्या आसपास, फ्लुओराइटचा १८-१९, अ‍ॅल्युमिनियमचा २३. ४०० मिमी लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी २० अंशांनी तापली तर सुमारे ०.१८ मिमी वाढते. एफ/२.८ वर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरसाठी फोकसची मुभा, म्हणजे प्रतिमा धूसर न दिसता सरकू शकते ते अंतर, दोन्ही बाजूंना साधारण ०.०८ मिमी. म्हणजे कुठलीच भरपाई नसेल तर फोकस सरळ मुभेबाहेर जातो. प्रत्यक्षात डिझाइन करणारे भरपाई ठेवतात, हे मान्य. पण मोठ्या टेलीचं फोकस अनंताच्या खुणेपलीकडेही फिरतं ते का, असं वाटलंय कधी? तापमानानुसार अनंताची जागा सरकते म्हणूनच. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत तसं छापलेलं असतं.

आणि आडवाफ्रेम, "फ्लुओराइट नाही तरी पांढरी" हा तुमचा हुकमी एक्का तितका हुकमी नाही. यूडी किंवा ईडी प्रकारच्या कमी अपस्करणाच्या (रंग कमी फाकवणाऱ्या) काचाही साध्या काचेच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतात. फ्लुओराइट नसलं की लेन्सला ऊन चालतं, असं त्यातून निघत नाही.

आडवाफ्रेम

गणित चोख आहे, निष्कर्ष मान्य नाही. तुमचं ०.१८ मिमी तेव्हा जीवघेणं होतं जेव्हा फोकस हाताने करायचे. गोलपोस्टवर फोकस लावून ठेवायचा, ऊन चढायचं आणि फोकस नकळत घसरायचा. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला, १९८७ मध्ये कॅननचा ईएफ माउंट (लेन्स जोडायची पद्धत). तेव्हापासून कॅमेरा स्वतः फोकस शोधतोय. नळी ०.१८ ने वाढो की ०.३ ने, दर फ्रेमला तो नव्याने जुळवतो. आजचे मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे तर थेट सेन्सरवरूनच मोजतात.

रंगाचं मूळ कारण ऑटोफोकसने खाऊन टाकलं. रंग मात्र तसाच राहिला, कारण तोवर तो ओळख बनला होता. मिनोल्टाने पांढऱ्या टेली काढल्या, पुढे सोनीने तोच वारसा चालवला. निकॉनने काही काळ एएफ-एस ३००, ४००, ५००, ६०० फिकट करड्या रंगातही विकल्या आणि मग बंद केल्या. भौतिकशास्त्र बदललं म्हणून बंद केल्या का?

पाणकावळा

माझी तक्रार वेगळीच आहे. मी पक्षी टिपतो. झुडपात अर्धा तास निश्चल बसायचं आणि हातात पांढरं धूड धरायचं, याला अर्थ आहे का? म्हणून आम्ही सगळे निओप्रीनचं कॅमोफ्लाज कव्हर चढवतो. म्हणजे कंपनीने संशोधन करून ऊन परतवणारा रंग दिला आणि आम्ही त्यावर गडद हिरवा-तपकिरी अंगरखा घातला. इतकी वर्षं हे चाललंय, तरी "उन्हाने फोकस गेला" म्हणणारा पक्षीवाला मला भेटलेला नाही.

काचेआडून फोटो काढतानाही तेच. मत्स्यालय, गाडीची खिडकी, संग्रहालयातली पेटी, पांढऱ्या लेन्सचं प्रतिबिंब काचेत ठळक उमटतं. काळी असती तर निम्मी डोकेदुखी वाचली असती.

गणिती गोगलगाय

पाणकावळा, निओप्रीन उष्णतेचा वाहक नाही, रोधक आहे. कव्हर तापतं, पण ती उष्णता धातूपर्यंत सावकाश जाते. तुमच्या अनुभवातून "रंगाने फरक पडत नाही" हे सिद्ध होत नाही, "कव्हरही चालतं" एवढंच होतं.

ऑटोफोकसचा मुद्दा मात्र वजनदार आहे, टाळत नाही. पण ऑटोफोकस सगळी भिंगं मिळून एकच चूक सुधारू शकतं: प्रतिमा पुढे-मागे सरकणं. नळीची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत असेल तर तापमान असमान होतं. आतली हवा ढवळते, काचेच्या एका कडेचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) दुसरीपेक्षा किंचित वेगळा होतो. त्यातून येणारा मऊपणा फोकस कितीही फिरवला तरी जात नाही. दुर्बीणवाल्यांना विचारा, नळीतली हवा शांत होईपर्यंत ते निरीक्षणाला बसत नाहीत.

शिवाय मिरवणंच असतं तर जुनी छटा चालली असती. २०१८ च्या ४०० एफ/२.८ एल तिसऱ्या आवृत्तीपासून कॅननने उष्णतारोधक नवा लेप आणला, इन्फ्रारेड जास्त परतवणारा, छटाही आधीपेक्षा शुभ्र. ओळख जपायची असती तर सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला तो पिवळसर पांढरा कशाला बदलतील?

सीमारेषा

+१. आणि ओळखीचं म्हणाल तर आरएफ २००-८०० एल मालिकेतली नाही, लाल कडं नाही, तरी पांढरी आहे. नुसतं बिरुद असतं तर कॅननने ते बिगर-एल लेन्सला फुकट वाटलं नसतं.

आडवाफ्रेम

फुकट कसलं, तोच तर माझा मुद्दा! हौशी माणसाला सीमारेषेवरच्या लेन्ससारखी दिसणारी लेन्स विकायची. आरएफ ६०० आणि ८०० एफ/११ पण लांबच आहेत, त्या काळ्या. त्यांना ऊन लागत नाही वाटतं?

नळीतल्या हवेचं मान्य. पण मैदानात फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा नळीबाहेरच्या हवेने. तापलेल्या गवतावरून, डांबरावरून उठणारी झळ शंभर मीटर पसरलेली असते. तिच्यापुढे नळीतली अर्धा मीटर हवा काय चीज आहे? लेन्सला कुठलाही रंग द्या, दुपारी दोनला धावपट्टीपलीकडचं विमान लहरतच दिसणार.

पाणकावळा

वाद मिटवायचा तर आता सोय आहे की. ७०-२०० झेड दोन रंगांत मिळते. दोन्ही शेजारी शेजारी ट्रायपॉडवर, तासभर उन्हात, ऑटोफोकस बंद, समोर तोच फलक. दर दहा मिनिटांनी एक फ्रेम.

गणिती गोगलगाय

प्रयोग जरूर करा, पण त्यावरून ६०० चा निकाल लावू नका. २०० मिमीला प्रसरणही त्या मानाने कमी आणि पुढचं भिंगही लहान. एफ/२.८ ची मुभा मात्र तेवढीच राहते, त्यामुळे दोन्ही रंग पास झाले तर मला नवल वाटणार नाही. कॅननने काळा रंग ७०-२०० ला दिला, ६०० एफ/४ ला दिलेला नाही, हेही लक्षात घ्या.

आडवाफ्रेम

निकॉनची काळी ६०० फ्लुओराइटसकट २०१५ पासून उन्हात उभी आहे. तीच शेजारी ठेवा, मोजा आणि आकडे इथे टाका.